तळ्याची निवड

ज्याच्या दारी समुद्र गर्जत आहे त्याने गोड्या पाण्याचे तळे शोधीत हिंडावे, हे ऐकून पुष्कळांस हसू येईल. जयगडच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे व उत्तरेस शास्त्री नदीची विस्तीर्ण खाडी आहे. किल्ला, दीपगृह, बंदरात येणारी मोठमोठी जहाजे, कोळ्यांच्या होड्या आणि पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट, ही सर्व पाण्याचीच दौलत होय. मासे गरवावयाचे तर धक्क्यावर बसून गरवावे, आणि नुसते खावयाचे तर म्हावरे दारावर येतेच. असे असूनही गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब एका लहानशा तळ्याकाठी तंबू ठोकून दोन रात्री राहिलो. आणि ते तळे कोणते असावे हे ठरविण्यात त्यापूर्वीचे तीन महिने घालविले. राहणे दोन रात्रींचे आणि निवड तीन महिन्यांची, हे गणित व्यस्त दिसेल. परंतु निवडीचे कारण ऐकल्यावर वाचकांस ते तसे वाटणार नाही, अशी आशा आहे.

आमचा पुतण्या शिक्षणाकरिता आमच्याकडे असतो. त्याचे वय अकरा वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा नुकताच सरला असता, खाडीच्या मुखाजवळ ओहोटीच्या ओढीत एक लहान होडी उलटली. तीत तो होता. जवळच जाळे ओढीत असलेल्या दोघा कोळ्यांनी उड्या टाकून त्यास वर काढले. ईश्वरकृपेने शरीरास इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून पाणी म्हणताच मुलाचा चेहरा पांढरा पडू लागला. खाडीकडील खिडकी लावून घेऊन तो अभ्यासास बसे. तवसाळच्या बाजूस आमच्या भगिनीचे घर आहे. तेथे जावयाचे झाले तर फेरीबोटीची काही मिनिटांची वाट सोडून आम्हांस सडकेने मोठा वळसा घालावा लागे. जयगडासारख्या गावी, जेथे मुले चालावयास व पोहावयास जवळजवळ एकाच वेळी शिकतात, तेथे अशा मुलास सोबती काय म्हणत असतील ते निराळे सांगावयास नको.

डॉक्टरांनी सांगितले की, बळजबरी करू नका. आमच्या मातोश्रींचे म्हणणे असे पडले की, पाण्याची भीती पाण्यापाशीच जाईल, पण ते पाणी ओढणारे नसावे. समुद्रास लाट आहे, खाडीस भरती-ओहोटी आहे, नदीस प्रवाह आहे. न ओढणारे पाणी म्हणजे तळ्याचे. येणेप्रमाणे आमच्या शोधास आरंभ झाला.

आता कोकणात तळे शोधणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तथापि त्याचे पाणी येथे थांबत नाही. एक तर सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतची भूमी अरुंद व उतरती आहे, त्यामुळे घाटात पडलेले पाणी थोडक्याच वेळात खाडीस मिळते. दुसरे असे की, सड्यावरचा जांभा दगड सच्छिद्र आहे. तो पाणी पितो आणि खालच्या झऱ्यांवाटे सोडून देतो. म्हणून जुलैत ज्या गावाचे ओढे दुथडी भरून वाहतात, तेथील स्त्रिया एप्रिलात हंडे घेऊन वाट चालताना दिसतात. या भागातील बहुतेक तळी मनुष्याने बांध घालून निर्माण केलेली आहेत. घाटावरही स्थिती फार निराळी नाही. ज्यांना आपण सरोवरे म्हणतो त्यांतील बहुतेक धरणांचे जलाशय आहेत.

रात्रीची प्रार्थना झाली की आमच्या घरी सभा भरू लागली. महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर पसरावा आणि प्रत्येकाने एकेक तळे सुचवावे, असा क्रम ठरला. थोरल्या मुलीने एक वही केली व तीत प्रत्येक तळ्याच्या नावापुढे गुण व दोष असे दोन रकाने आखले.

धाकट्या चिरंजीवांनी प्रथम लोणार सुचविले, कारण भूगोलाच्या तासास ते नुकतेच झाले होते. उल्कापाताने झालेले ते सरोवर पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. २०२० च्या जून महिन्यात त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा सर्व देशाचे लक्ष तिकडे गेले, आणि त्याच वर्षी रामसर करारातील पाणथळ स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. परंतु ते पाणी खारे व क्षारयुक्त, भोवती अभयारण्य, आणि जयगडाहून तेथवर जावयाचे म्हणजे जवळजवळ सारा महाराष्ट्र ओलांडावयाचा. मासे गरवण्याचे ते स्थळ नव्हे.

दुसरे नाव महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे निघाले. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधविलेला हा तलाव फार रमणीय आहे; पण नाताळच्या सुट्टीत तेथे नावांची आणि माणसांची जी दाटी होते, तीत भ्यालेल्या मुलाने पाण्याशी ओळख कशी करावी? भीती घालविण्यास एकांत लागतो आणि पाहणारे डोळे थोडे असावे लागतात.

साताऱ्याजवळील कासचा तलाव आमच्या मनात फार भरला होता. त्याच्या शेजारचे पुष्पपठार २०१२ पासून जागतिक वारशात गणले जाते. परंतु कासचे पाणी सातारा शहरातील लोक पितात. आमच्या रत्नागिरी शहरास पाणी पुरविणाऱ्या शीळ धरणाचीही तीच गोष्ट. जेथून हजारो घरांचे हंडे भरतात, त्या पाण्याकाठी आपण चूल मांडावी, भांडी घासावी आणि मुलांनी त्यात डुंबावे, ही कल्पना मुलांच्या मातोश्रींस मुळीच रुचली नाही. त्यांनी वहीत दोषांच्या रकान्यात स्वहस्ते लिहिले: 'दुसऱ्यांचा माठ.' पुढे हेच शब्द आमच्या घरी म्हणीसारखे झाले.

कोयनेचा शिवसागर जलाशय सर्वांत भव्य. कोयनानगरपासून वर तापोळ्याकडे तो डोंगरांच्या कुशीतून सुमारे ५० किलोमीटर पसरला आहे. त्याचे पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात उतरते आणि वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीस जाते. म्हणजे पूर्वेकडे जावयाचे पाणी मनुष्याने पश्चिमेकडे वळविले आहे. परंतु या जलाशयाच्या काठचे मोठे अरण्य अभयारण्य आहे आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात मोडते. तेथे परवान्यावाचून रात्री राहणे अगर गरी टाकणे योग्य नाही. शिवाय अशा मोठ्या जलाशयाचा काठ स्थिर नसतो. वीज व शेती यांकरिता पाणी सोडले की ते खाली जाते आणि मध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला दिसतो, पण त्यात गुडघ्यापर्यंत पाय रुततो. खुद्द वाशिष्ठीचा काठ कोणी सुचविण्यापूर्वीच आजींनी तो खोडून काढला, कारण त्या नदीतील मगरी साऱ्या जिल्ह्यास ठाऊक आहेत. राधानगरीचा लक्ष्मी तलाव राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचे स्मारक होय. पण त्याच्या भोवतीही गव्यांचे अभयारण्य असल्यामुळे तेथे तंबू ठोकण्याचा विचार सोडून दिला.

मुळशीचे नाव निघाले तेव्हा थोरली मुलगी म्हणाली, "बाबा, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो हाच ना?" तो हाच. १९२१ ते १९२४ या काळात मुळशी पेट्यातील मावळ्यांनी आपल्या जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणून लढा दिला; धरण झाले, आणि शेते पाण्याखाली गेली. ही हकीकत सांगितल्यावर काही वेळ कोणी बोलेना. मग आमच्या पुतण्याने, जो या सभांत सहसा तोंड उघडीत नसे, विचारले, "काका, सगळ्याच तळ्यांखाली कोणाची तरी शेते असतात का?" सगळ्याच नव्हे, पण बांध घातलेल्या पुष्कळ तळ्यांखाली असतात, असे आम्ही उत्तर दिले. त्या दिवशी वहीत तिसरा रकाना आखला गेला: 'तळे कोणाचे?'

या प्रश्नास बळकटी आली ती धामापूरच्या तलावामुळे. मालवण तालुक्यातील हे स्थळ १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. विजयनगरच्या काळी, १५३० साली, नागेश देसाई नामक मांडलिकाने ग्रामस्थांच्या साह्याने दोन टेकड्यांमध्ये बांध घालून हा तलाव केला असे सांगतात. जवळजवळ पाच शतके त्याने शेतीस पाणी पुरविले आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने जागतिक वारसा सिंचन वास्तूंत त्याची गणना केली. काठी भगवती देवीचे देऊळ आहे. या तलावाविषयी एक लोककथा आहे. पूर्वी कोणा गरिबाच्या घरी लग्न निघाले की तो परडीत फुले भरून ती पाण्यात सोडी. परडी बुडे आणि दागिन्यांनी भरून वर येई. लग्न उरकले म्हणजे दागिने तशाच रीतीने परत करावयाचे. पुढे एकाने ते परत केले नाहीत, आणि तेव्हापासून परडी वर येईनाशी झाली.

आम्ही ख्रिस्ती असल्याने देवीच्या दागिन्यांवर आमचा विश्वास नाही. परंतु ज्या लोकांनी ही कथा रचिली त्यांना तळ्याचा स्वभाव पूर्णपणे कळला होता, असे आम्हांस वाटते. तळे देते ते उसने देते. मासे असोत, पाणी असो, की नुसती काठची सावली असो. ती वापरून जसे होते तसे मागे ठेवावे, तरच पुढच्याची परडी भरते. धामापूर आम्ही सोडले ते लांब अंतरामुळे आणि अशा पुरातन ठिकाणी चुली मांडू नयेत या विचारामुळे. पण त्याची कथा मात्र सोबत घेतली.

या सर्व चर्चेतून चार प्रश्न शिल्लक राहिले. पाणी कोणाचे आहे, व त्याने आपणांस होय म्हटले आहे काय? काठ कसा आहे, व पाऊल टाकल्यावर पाणी किती किती खोल होत जाते? रात्री अडचण आली तर हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर कोणी आहे काय? आणि त्या पाण्यात मासे कोणते, व त्यांपैकी कोणते धरावे? देखावा कसा आहे, हा प्रश्न आम्ही शेवटी ठेवला होता. पुढे तो विचारण्याचे विसरूनच गेलो.

आमचा एक माजी विद्यार्थी संगमेश्वर तालुक्यात शिक्षक आहे. त्यास पत्र लिहिले असता त्याने आपल्या शेजारच्या गावचे एक लहान पाटबंधाऱ्याचे तळे सुचविले. त्या गावाचे नाव आम्ही येथे देत नाही. गावकऱ्यांनीच तशी विनंती केली आहे, आणि तिचे कारण सुज्ञ वाचकांस कळेल. नोव्हेंबरातील एका शनिवारी आम्ही एकटेच तेथे जाऊन आलो. पाटबंधारे खात्याच्या उपविभागात चौकशी केली, ग्रामपंचायतीस भेटलो, आणि ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे त्या तळ्याचा मासेमारीचा ठेका आहे तिच्या एका वृद्ध सभासदांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "मास्तर, विचारायला आलात हे बरं केलंत. लोक विचारीत नाहीत, येतात. बाटल्या टाकून जातात."

त्या गृहस्थांनी हाती एक लांब बांबू घेतला व आम्हांस काठाने नेले. तळ्याचा उत्तरेकडील काठ हलक्या उताराचा होता. बांबूने पाहिले तेव्हा दहा पावलांपर्यंत पाणी गुडघ्यावर जात नव्हते. पुढे एकाएकी बांबू खाली गेला. वृद्ध म्हणाले, "तो आमच्या कुणग्याचा बांध. त्याच्या पलीकडं पाऊल टाकू नका. खालचा कुणगा पुरुषभर खोल आहे." आम्ही विचारले, "तुम्हांस इतके नेमके कसे माहीत?" ते म्हणाले, "माझ्या बापानं त्यात भात लावलंय. मी लहान असताना त्या बांधावर बसून राखण केलीय." पाण्याखालची शेते पायऱ्यापायऱ्यांची असतात, त्यामुळे जलाशयाची खोली सरळ वाढत नाही, पायरीपायरीने एकदम वाढते, धरणाच्या पाण्यात बुडण्याचे प्रसंग येतात त्याचे हे एक कारण आहे. हे ज्ञान नकाशात नसते. ज्याची शेती खाली गेली आहे त्याच्यापाशी ते असते. आम्ही त्या बांधाच्या बरेच अलीकडे चार खुंट्या रोवून त्यांना दोरी बांधण्याचे त्याच दिवशी ठरवून टाकले.

माशांविषयीही त्यांनी पुष्कळ सांगितले. तळ्यात रोहू, कटला आणि मृगळ आहेत, पण ते तेथे आपोआप वाढलेले नाहीत. हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात घालीत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांची पिले नद्यांतून गोळा करून आणावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या वर्गातील माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालविण्यात यश मिळविले, आणि त्यानंतर देशभर मत्स्यबीज केंद्रे निघू शकली. आता १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. संस्था दरसाल पैसे देऊन बोटाएवढी पिले, म्हणजे बोटुकली, विकत आणून तळ्यात सोडते. अर्थात तळ्यातील रोहू म्हणजे कोणाच्या तरी घरातील पैसा होय. चिलापीची गोष्ट निराळी. हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो कोठेही वाढतो व इतर माशांचे अन्न खातो. म्हणून अटी अशा ठरल्या: जाळे आणावयाचे नाही, केवळ गरी, चिलापी व शिंगटी हवी तितकी धरावी, रोहू-कटला मोठा मिळाल्यास वजन करून संस्थेच्या दराने पैसे द्यावे, आणि वीतभराहून लहान असेल तो मासा पाण्यात परत सोडावा. या अटी आम्हांस इतक्या पसंत पडल्या की, हेच तळे, असे आम्ही परतीच्या वाटेवरच निश्चित केले.

हंगामाचाही विचार केला होता. पावसाळ्यात एका रात्रीत पाणी चढून काठचा तंबू वेढला जाण्याचे भय. मे महिन्यात तळे आटून चिखल उरतो. डिसेंबराच्या अखेरीस पाणी पुरेसे, काठ घट्ट आणि आकाश निरभ्र असते. नाताळची उपासना व भेटीगाठी झाल्यावर २७ तारखेस आम्ही निघालो. तंबू बांधाच्या भिंतीपासून व सांडव्यापासून दूर, पावसाळ्यातील पाण्याची रेघ जेथे वाळलेल्या पाल्याने दिसते तिच्या वर, उघड्या जागी ठोकला. दगड हलविताना काठीने आधी टोचून पाहण्याचा नियम होता, कारण आमच्या जिल्ह्यात जांभ्याच्या दगडाखाली फुरसे असणे ही नवलाची गोष्ट नाही. सरपणासाठी झाडे तोडावयाची नव्हती. घरून शेगडी व कोळसे नेले होते.

पुतण्यास कोणी पाण्याकडे बोलवावयाचे नाही, असा घरात ठराव होता. पहिल्या सायंकाळी तो तंबूच्या मागे, पाण्याकडे पाठ करून बसला. कोणी काही बोलले नाही. रात्री शेगडीभोवती बसून आम्ही शुभवर्तमानातील गनेसरत सरोवरावरील वादळाची हकीकत वाचली. हे सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब असून समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरांहून अधिक खाली, डोंगरांच्या खोलगटात आहे. त्यामुळे वरून येणारा वारा त्यावर अकस्मात तुटून पडतो. वाचन संपल्यावर पुतण्याने विचारले, "काका, ते शिष्य कोळीच होते ना? मग ते कसे भ्याले?" आम्ही म्हटले, "काही जण कोळी होते, म्हणूनच भ्याले. ज्याला पाणी ठाऊक आहे तोच त्याला भितो. त्यात लाज कसली? आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा होडीत बसलेच." त्याने पुढे काही विचारले नाही. तळ्यावर धुके उतरत होते, आणि कोठे तरी मासा उसळल्याचा आवाज येई.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते वृद्ध गृहस्थ वेताची काठी घेऊन आले. काठीस तंगूस, त्याच्या टोकाशी गरी, वर शिशाचा लहान तुकडा आणि त्याच्याही वर मोराच्या पिसाचा देठ बांधलेला. मासा आमिषास लागला की हा देठ पाण्यात बुडतो. त्यांनी गांडूळ लावून गरी टाकली आणि पुतण्यास उद्देशून, जणू रोजचेच काम सांगत आहेत अशा स्वरात, म्हटले, "बाळा, माझे डोळे आता चालत नाहीत. पीस बुडलं की मला सांग." मुलगा दूर उभा होता. तेथून पीस दिसत नव्हते. तो चार पावले पुढे आला. सूर्य वर आल्यावर पाण्यावर चकाकी पडली, तेव्हा आणखी चार. तासाभराने तो त्यांच्या शेजारच्या दगडावर बसून होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर एका लहानशा पिसाखेरीज दुसरे काही नव्हते.

पहिली चिलापी लागली तेव्हा त्याने इतक्या मोठ्याने हाक मारली की आजी तंबूतून धावत आल्या. दुसऱ्या खेपेस त्याच्याच हाती काठी होती, आणि यावेळी वर आला तो वितीहून लहान असा रोहू. नियमाप्रमाणे तो परत सोडावयाचा होता. वृद्ध म्हणाले, "फेकू नको. फेकला की मरतो. हात ओले कर, दोन्ही हातांत धरून पाण्यात ठेव, आणि तो आपण होऊन जाईपर्यंत सोडू नको." मासा तडफडत होता, विचारास वेळ नव्हता. मुलगा दगडावरून उतरला, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरला, आणि वाकून त्याने मासा पाण्यात धरला. आम्ही दोरीच्या आत, हाताच्या अंतरावर उभे होतो. काही क्षणांनी माशाने शेपूट हलविली आणि तो निघून गेला. मुलगा मात्र लगेच वर आला नाही. गुडघाभर पाण्यात तो तसाच उभा होता, हे त्याच्या ध्यानात आमच्याहून उशिरा आले असावे.

दुपारी त्याने वृद्धांस विचारले, "पावसात तळे भरले की पाणी कोठे जाते?" त्यांनी सांडव्याकडे बोट दाखविले: सांडव्यावरून ओढ्यास, ओढ्यातून शास्त्रीस, आणि शास्त्रीतून थेट जयगडच्या खाडीस. मुलगा बराच वेळ त्या दिशेस पाहत राहिला. "म्हणजे हे आपल्याकडेच येते," असे तो हळूच म्हणाला.

परत निघताना मुलीने वहीतील यादी पाहून राख, कागद व खरकटे गोळा केले. चूल मांडली होती तेथे शेणाने सारवले. आमच्या वाट्यास आलेल्या एका मोठ्या कटल्याचे पैसे संस्थेस दिले आणि पावती घेतली. ती पावती आता त्या वहीत चिकटविली आहे.

या सहलीने मुलगा एकदम पोहू लागला असे सांगितले तर ते खरे होणार नाही. तो अजून पोहत नाही. परंतु फेब्रुवारीत तो आमच्याबरोबर फेरीबोटीत बसून तवसाळास गेला. सारा वेळ कठडा घट्ट धरून होता, आणि मध्यावर त्याने डोळे मिटून घेतले. तथापि गेला, आणि त्याच वाटेने परत आला. खाडीकडील खिडकी आता उघडी असते. पोहण्यास शिकविण्याचे काम त्याला वाचविणाऱ्या कोळ्यांपैकी एकाने आपण होऊन पत्करले आहे. येत्या उन्हाळ्यात ते व्हावयाचे आहे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, सुट्टीत मुलांस पाण्याकाठी न्यावयाचे असेल तर स्थळाच्या कीर्तीवर जाऊ नये. जेथे आधी जाऊन विचारता येईल, जेथील माणसे ओळखीची होतील, असे लहानसे पाणी आपल्या आसपास पुष्कळदा असते. बांबूने खोली पाहिल्यावाचून मुलास उतरू देऊ नये; पोहता येणारा एक मोठा मनुष्य सदैव हाताच्या अंतरावर असावा; दोर जवळ ठेवावा; बांधाच्या भिंतीजवळ व सांडव्यापाशी कोणासही जाऊ देऊ नये. आणि मुलास भीती असेल तर तीस हसू नये. तिच्या जोडीला एखादे लहानसे काम द्यावे, आणि मग वाट पाहावी.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी जे पुढे कोणत्याही तळ्याकाठी जाल, त्यांनी गरी टाकण्यापूर्वी एकदा विचारावे की हे पाणी कोणाचे आहे. उत्तर देणारा मनुष्य बहुधा जवळपासच असतो, आणि कोणता बांध कोठे आहे हे त्यालाच माहीत असते.